पुढचा टायर उजवीकडून खाल्लाय आणि वर खड्डेही पडलेत: हवा, शॉकअप की कोन सेट?

गुहागर_४११

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची मोटरसायकल हिमालयन ४११, एकूण २१,००० किमी. पुढचा टायर ९०/९०-२१, हा दुसरा, बसवून ६,८०० किमी झाले. रोज गुहागर ते चिपळूण आणि परत, महिन्यातून दोनेकदा कुंभार्ली घाट चढून कराड.

डेप्थ गेज लावून पाहिलं. टायरच्या मध्यावर ३ मिमी, डाव्या खांद्यावर ४.१, उजव्या खांद्यावर २.८. शिवाय बटणं (नक्षीचे उंचवटे) एकसारखी झिजलेली नाहीत, एक उंच तर शेजारचं बसकं. चाक फिरतं त्या दिशेने तळवा फिरवला तर काही जाणवत नाही, उलटा फिरवला की करवतीचे दात लागतात.

चालवताना तीन गोष्टी जाणवतात. ४०-५० च्या वेगाला घूंऽऽ आवाज येतो, नव्या डांबरावर जास्त. ७० वरून थ्रॉटल सोडून गाडी आपोआप हळू होऊ दिली की ६० च्या आसपास हँडल थरथरतं, ५० खाली थांबतं. आणि ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते, पण छोट्या खड्ड्यात मात्र मनगटाला दणका बसतो. मऊ पण आणि कडक पण, हे कसं?

हवा पुढे २० पीएसआय ठेवतो, खड्ड्यांमुळे. माझं वजन ८४, मागे टॉप बॉक्स. आतापर्यंत तीन सल्ले मिळाले: पूर्ण शॉकअप जोडी (पुढचे दोन्ही फोर्क) बदला, टायर उलटा फिरवून बसवा, फोर्कमध्ये जाड इंजिन ऑइल टाका. पैसे एकाच कामाला आहेत. कुठून सुरू करू?

---

मालवणी_टायरवालो

आधी हवा बघ, मगे बाकीचा काय ता.

२० म्हणजे फार कमी. ४११ ला एकट्या चालकासाठी पुढे २५, मागे ३२ सांगितलेलं आहे. ट्यूबवाला टायर, त्यात २१ इंची अरुंद रिम. हवा कमी असली की प्रत्येक बटण रस्त्याला टेकताना पुढे वाकतं आणि सुटताना मागे घासत जातं. ती करवत तिथूनच सुरू होते. खड्ड्यात रिम वाचते म्हणून लोक हवा कमी करतात, पण होतं उलट: ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि रिमही वाकते.

हवा थंड टायरमध्ये मोजायची. चिपळूणला पोचल्यावर पंपावर मोजलीत तर चुकीचा आकडा येणार. तापमान १० अंश वाढलं की सव्वा पीएसआयच्या आसपास वाढतं, आणि पळालेला टायर त्याहून जास्त तापतो. शिवाय पंपावरच्या दोन मीटरांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो. स्वतःचं गेज ठेवा, नेहमी त्याच एका गेजने मोजा.

---

टी_स्टेम

हवेचं बरोबर, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या टायरवर दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्ही सल्ल्यांनी त्या एकच धरल्या. एका बाजूची झीज ही एक. बटणांची उंच-सखल झीज, म्हणजे कपिंग, ही दुसरी. पहिलीचं कारण बहुतेक करून रस्ता असतो, दुसरीचं कारण गाडी.

उजवी बाजू आधी. आपण डावीकडून चालवतो. त्यामुळे उजवं वळण कायम बाहेरच्या लेनमधून घेतलं जातं आणि डावं आतल्या लेनमधून. घाटातलं एखादं हेअरपिन घ्या: आतल्या लेनची त्रिज्या १० मीटर धरली तर बाहेरचीची १४. अर्ध्या वर्तुळात आतला ३१ मीटर चालतो, बाहेरचा ४४. म्हणजे त्याच वळणावर उजवा खांदा ४० टक्के जास्त लांब घासतो. चढताना जे डावं होतं ते उतरताना उजवं होतं, त्यामुळे फेरी पूर्ण झाली तरी हिशेब फिटत नाही, उजव्याचंच पारडं जड. वर उजव्या वळणावर पुढचं लांबचं दिसतं, म्हणून माणूस वेगही थोडा जास्त ठेवतो. कुंभार्ली महिन्यातून दोनदा आणि रोजचा वळणावळणाचा गुहागर रस्ता, यात १.३ मिमीचा फरक थोडा जास्त आहे, पण अचंबा वाटावा असा नाही.

तरी गाडीकडून यात भर पडत नाहीये ना, हे तपासून घ्या. चाक रिमसकट फोर्कच्या मध्यावर आहे का? रिमच्या कडेपासून डाव्या आणि उजव्या बॉटमपर्यंतचं (फोर्कच्या खालच्या नळीपर्यंतचं) अंतर व्हर्नियरने मोजा. खड्ड्यात वाकलेली रिम कुणी नव्याने स्पोक आवळून सरळ केली असेल तर ती गोल होते, पण मध्यावरून ३-४ मिमी सरकलेली राहते. हे डोळ्यांना दिसत नाही.

मग दोरी. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा. मागच्या टायरच्या मागे दोरी अडकवून दोन्ही बाजूंनी पुढे आणा, जमिनीपासून वीतभर उंच, मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल अशी ताणून. मागचा टायर १२० मिमी रुंद, पुढचा ९०, म्हणजे हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण १५-१५ मिमी जागा दिसली पाहिजे. खरी रुंदी कंपनीगणिक बदलते, तेव्हा आकडा १५ आहे की १३ याला महत्त्व नाही, दोन्हीकडे सारखा पाहिजे. एकीकडे ८ आणि दुसरीकडे २२ निघाले तर मागचं चाक तिरकं बसलंय. चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणांवर विश्वास ठेवून चेन आवळणाऱ्यांचं हे नेहमी होतं.

आता थरथर. ९०/९०-२१ चा घेर सुमारे २.१८ मीटर. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. मोटरसायकलच्या हँडलची स्वतःची डुलण्याची गतीही त्याच्याच आसपास असते, सेकंदाला ६ ते १० वेळा. म्हणजे चाकात कुठेही एका जागी दोष असला, जड भाग, रिमला आउट (फिरताना डुलणं), टायर नीट न बसलेला, तर तो बरोबर ६० ला हँडलला झोका देतो. ७५ ला गती जुळत नाही म्हणून थांबतं. थ्रॉटल सोडल्यावर वजन पुढे येतं आणि ते जास्त दिसतं. टॉप बॉक्स भरलेला असेल तर अजून वाईट, कारण मागे लांब टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं.

कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासा. पुढचं चाक हवेत घ्या: मेन स्टँड आणि इंजिनखालच्या प्लेटला जॅक. बॉटम दोन्ही हातांनी खालून धरून पुढे-मागे ढकला, दुसऱ्या माणसाने बोट टी (दोन्ही फोर्क वर धरून ठेवणारा भाग) आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवायचं. टक् जाणवलं तर ढिला आहे. नंतर हँडल अगदी सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर वाटीत छर्ऱ्यांचे खड्डे पडलेत. आवळून काही होणार नाही, सेटच बदलायचा. खाच असताना आवळलेला कोन सेट हा ढिल्यापेक्षा वाईट, गाडी सरळ रस्त्यावर सापासारखी चालते.

थरथर शोधताना हँडल सोडून बघू नका. हात सैल ठेवा, सोडू नका.

---

नट_बोल्ट_दापोली

उजव्या बाजूला रस्त्याचा उतारही कारण आहे ना? आमच्याकडे पावसाचं पाणी जावं म्हणून रस्ते मध्ये फुगीर. गाडी सरळ उभी, रस्ता डावीकडे उतरलेला, म्हणजे टायर उजव्या अंगावर चालतो. मी तरी हेच कारण धरत आलो.

आणि टायर उलटा फिरवायला काय हरकत आहे? उजवी बाजू डावीकडे जाईल, दोन्ही बाजू समान होतील, पैसे वसूल.

---

टी_स्टेम

दिशा बरोबर, पण माप काढून बघा. जास्त पावसाच्या भागात साध्या डांबरी रस्त्याला उतार अडीच टक्के देतात, काँक्रीटला दोन. अडीच टक्के म्हणजे १.४ अंश. ९० च्या टायरच्या माथ्याची गोलाई साधारण ५० मिमी त्रिज्येची धरली, तर टेकण्याची जागा मध्यापासून जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकते. टायर टेकतो तो पट्टाच त्याहून कितीतरी रुंद. त्यामुळे उताराने मध्याच्या जरा उजवीकडे फरक पडेल, पार खांद्यावर नाही. यांचा खांदा झिजलाय. खांदा वळणातच घासतो.

टायर उलटा बसवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बसवू नका. बाजूच्या भिंतीवर बाण असतो तो शोभेला नाही. पुढच्या टायरवर मुख्य ताण ब्रेकचा असतो आणि नक्षीची पाणी फेकायची दिशाही ठरलेली असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे रस्त्यावरून पाणी वाहतं, त्यात उलटी नक्षी नको. शिवाय करवतीचे दात उलट्या बाजूला वळतील, पहिले काहीशे किलोमीटर आवाज दुप्पट. २.८ मिमी उरलेल्या टायरवर पैसे वसूल व्हायचं राहिलंय तरी किती?

---

पंक्चर_पट्टी

दोन छोट्या गोष्टी, कुणी सांगितल्या नाहीत म्हणून.

टायर रिममध्ये नीट बसलाय का ते बघायला कडेच्या अगदी जवळ टायरवर एक बारीक उंच रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेलेली दिसली तर टायर अंड्यासारखा फिरतोय. हवा पूर्ण काढा, साबणाचं पाणी लावा, ४० पर्यंत भरा, टप् आवाज आला की २५ वर आणा. हातावर टायर चढवणाऱ्यांकडून हे हमखास राहतं.

रिमचा आउट घरी बघता येतो. फोर्कच्या बॉटमला एक केबल टाय बांधा, त्याचं शेपूट रिमच्या कडेपासून मिलिमीटरभर लांब राहील असं कापा आणि चाक फिरवा. आडवा असो की उभा, २ मिमीच्या आत चालतो. त्यापुढे स्पोकवाल्याकडे.

---

गुहागर_४११

खूप आभार. शनिवारी सगळं मोजलं.

हवा २५ केली. रिमचा आउट आडवा १ मिमी, उभा १.५. दोरीला डावीकडे १४, उजवीकडे १५. रिम मध्यावर आहे. टायरची ती रेघ मात्र व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला बोटभर लांबीत आत गेलेली होती. साबणपाणी लावून बसवली. ६० ची थरथर निम्म्याहून कमी झाली, पण गेली नाही. कोन सेटला टक् नाही, खाच नाही.

सॅग, म्हणजे वजनाने फोर्क किती खाली बसतो ते, मोजली, रबरी गेटर (पाईपवरचं आवरण) खाली सरकवून, टी पासून सीलपर्यंत दिसणारा पाईप:

चाक हवेत असताना २२५ मिमी. मी हेल्मेट-जॅकेटसकट बसून, पुढचा भाग दाबून हळू सोडला तर १४२. वर उचलून हळू सोडला तर १७०. मी न बसता नुसती गाडी, दोन्हींची सरासरी १८७.

गेटरखाली पाईपवर तांबूस ठिपके आहेत, डाव्यावर जास्त, आणि डाव्या सीलखाली तेलकट लाल चिखल.

---

टी_स्टेम

मऊ पण आणि कडक पण, त्याचं उत्तर याच आकड्यांत आहे.

१४२ आणि १७० ची सरासरी १५६. २२५ मधून वजा केली तर सॅग ६९ मिमी. तुमच्या फोर्कचा प्रवास २०० मिमी, म्हणजे ३४.५ टक्के. ३० च्या आसपास हवी, तेव्हा थोडी जास्त, पण भयंकर नाही. नुसत्या गाडीची ३८, ती २५ ते ३५ मध्ये हवी होती.

खरी गोम १४२ आणि १७० यांच्यामधल्या २८ मिमीत आहे. वजन तेच, माणूस तोच, फक्त खालून आलात की वरून यावर फोर्क २८ मिमी वेगळ्या जागी थांबतो. म्हणजे तो अडकतोय. १५ पर्यंत चालतं, २० च्या पुढे कारण शोधावं लागतं. छोटा खड्डा आला की फोर्क हलतच नाही, दणका सरळ मनगटात. ब्रेकला मात्र जोर एवढा येतो की अडकण सुटते आणि आतलं पातळ झालेलं तेल त्याला धरू शकत नाही, म्हणून गाडी नाक खुपसते. कपिंगही इथूनच. एखादं बटण बसकं झालं की चाक तिथे बारीक उडी मारतं. फोर्क जिवंत असेल तर ती उडी जिरवतो. अडकलेला असेल तर चाक पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी आपटतं आणि खड्डा खोल होत जातो.

अडकण्याचं सगळ्यात फुकटचं कारण आधी काढा, पुढचा एक्सल (चाकाचा दांडा). चाक काढून बसवताना बहुतेक जण एक्सल आणि पिंच बोल्ट (एक्सलला बॉटममध्ये चिमटून धरणारा) एकामागोमाग आवळून मोकळे होतात. मग दोन बॉटम एकमेकांपासून किंचित लांब किंवा जवळ ओढलेले राहतात आणि दोन्ही पाईप बुशमध्ये (ज्या कड्यांत ते सरकतात त्यांत) तिरके घासतात.

असं करा. एक्सलचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, पिंच बोल्ट ढिला ठेवा. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ-दहा वेळा पूर्ण दाबा. बॉटम आपापल्या जागी सरकतात. त्यानंतरच पिंच बोल्ट आवळा, टॉर्क रेंचने, कारण तिथला अल्युमिनियमचा आटा हाताच्या जोराने जातो. मडगार्डचे बोल्टही ढिले करून पुन्हा आवळा, वाकडं ब्रॅकेट असलं तर तेही बॉटम ओढून धरतं. पुन्हा मोजा आणि आकडे टाका.

गाडी कधी पडली असेल तर टी चे खालचे बोल्टही सैल करून, फोर्क दाबून, खालून वर या क्रमाने आवळायचे. पण कोन सेटचा रिंग नट त्यात हलवू नका.

---

नट_बोल्ट_दापोली

उताराचा हिशेब मान्य. वीस वर्षं चुकीचं सांगत होतो म्हणा ना.

पाईपच्या ठिपक्यांबद्दल मी सांगतो, किनाऱ्यावरचं रोजचं दुखणं. गेटर धूळ अडवतो, पण खाऱ्या हवेचा ओलावाही आत कोंडून ठेवतो. धोपावे–दाभोळ फेरीबोटीने जाणारे तर उतरणीवरचं समुद्राचं पाणी चाकाने थेट तिथे उडवतात. क्रोमला बारीक छिद्र पडतं, खालचं लोखंड गंजतं, गंज फुगून कडेला टोक येतं आणि ते टोक सीलच्या ओठाला वस्तऱ्यासारखं कापतं. मग तेल बाहेर, त्यात जांभ्याची लाल धूळ, की झाली पॉलिश पेस्ट तयार.

ठिपके कुठे आहेत ते महत्त्वाचं. टी च्या लगेच खाली, जिथपर्यंत सील कधी पोचतच नाही, तिथे असतील तर नुसते पुसून तेलाचा हात द्या. सीलच्या वाटेवर असतील तर २००० नंबरचा पाणी-पेपर ओला करून पाईपभोवती आडवा फिरवा. उभा घासाल तर तेलाला वर यायला चर तयार होतात. नखाला खड्डा लागत असेल तर त्यात सुईच्या टोकाने इपॉक्सीचा थेंब सोडा, दिवसभर वाळू द्या, पुन्हा २००० ने सपाट करा. खड्डे डझनावारी असतील तर पाईपला हार्ड क्रोम किंवा नवा पाईप. गंजक्या पाईपवर नवीन सील टाकणं म्हणजे पावसाळ्यापर्यंतची सोय.

गेटर फेकू नका. पावसाळा संपला की वर करून आतून गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, खालच्या घडीतलं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलं असेल तर मोकळं करा.

---

गुहागर_४११

पिंच बोल्टची करामत खरी निघाली. आता १५१ आणि १६५. छोटे खड्डे लगेच कमी जाणवले. नाक खुपसणं तसंच आहे.

आता तेल बदलायला घेतो, डाव्याचा सीलही. १०डब्ल्यू की १५डब्ल्यू? आणि २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल खरंच चालत नाही का? इथे बऱ्याच गॅरेजमध्ये तेच टाकतात.

---

टी_स्टेम

फरक २८ वरून १४ वर आला, सरासरी १५८, सॅग ६७. अडकण सुटली.

इंजिन ऑइलने फोर्क मोडणार नाही, म्हणून तर ते चालून जातं. पण साध्या फोर्कमध्ये डॅम्पिंग म्हणजे ठरावीक भोकातून तेल ढकलणं. अशा भोकाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. ब्रेकला फोर्क हळू बसतो, तिथे जाड तेलाचा थोडाच फायदा दिसतो. खड्ड्याच्या धारदार कडेला तो फार वेगाने दाबला जातो, तिथे तेच तेल भिंत होतं. नाक खुपसणं थोडं कमी झालं म्हणून लोक खूश होतात आणि दणक्याला रस्त्याची चूक म्हणतात. वर इंजिन ऑइलमधली रसायनं इंजिनातली काजळी धरायला केलेली असतात, फोर्कमधला फेस मोडायला नाही.

मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच फोर्क ऑइलमध्ये घ्या. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्या १५ एवढं जाड निघू शकतं, तेव्हा दोन्ही शॉकअपला एकाच बाटलीतलं टाका आणि पुढच्या वेळीही तीच कंपनी ठेवा.

काम करताना क्रम असा. चाक काढण्याआधी, फोर्क टी मध्ये घट्ट असतानाच, वरच्या प्लेटचे पिंच बोल्ट ढिले करून फोर्कची टोपी एक आटा सोडवून ठेवा. नंतर बाहेर काढलेल्या पाईपला धरून ती सुटत नाही आणि माणसं पाईप शिकंज्यात धरून क्रोम खराब करतात. ब्रेकचा कॅलिपर तारेने फ्रेमला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. टोपी पूर्ण उघडताना तोंड लांब, खाली स्प्रिंग दाबलेली आहे. स्प्रिंग काढताना तिची वरची बाजू कुठली होती ते खूण करून ठेवा.

उलटं करून तेल भांड्यात काढा, पाईप दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, अर्धा तास निथळू द्या. दोन्ही बाजूंचं तेल वेगवेगळ्या भांड्यात. किती निघालं आणि रंग कसा, दोन्ही लिहून ठेवा. दुधाळ कॉफीसारखं असेल तर पाणी शिरलंय. करडं आणि चमचमतं असेल तर बुश झिजताहेत. आतून धुवायला रॉकेल नको, कोपऱ्यात राहतं आणि नवं तेल पातळ करतं. थोडं फोर्क ऑइलच फिरवून फेकून द्या.

सील बसवताना पाईपच्या वरच्या कडेवर प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा ताणून, त्यावर तेल लावून सील सरकवा. नाहीतर ओठ पहिल्याच क्षणी कापला जातो. ठोकायला ४१ मिमीच्या पाईपवरून अलगद सरकेल अशा आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाईप घ्या, टोक काटकोनात कापलेलं. क्लिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत ठोका.

नवं तेल भरल्यावर पाईप हळूहळू वर-खाली करून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढा, पंधरा मिनिटं थांबा. मग पाईप पूर्ण खाली दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, पाईपच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. मिलीलीटरवर जाऊ नका, आत किती चिकटून राहिलंय ते कुणाला दिसतं? पातळी मॅन्युअलप्रमाणे, आणि दोन्हीकडे १-२ मिमीच्या आत सारखी. जरा जास्त भरून सिरिंजला नळी लावून जादा तेल ओढून घेणं सोपं जातं.

नाक खुपसण्यासाठी दोन उपाय, एका वेळी एकच. आधी स्प्रिंगच्या वर ८ मिमीचा स्पेसर, दोन्ही बाजूंना स्टील वॉशर. सॅग जवळजवळ तेवढीच कमी होते: ६७ ची ५९, नुसत्या गाडीची ३८ ची ३०. स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर बसते आणि ब्रेकसाठी खाली प्रवास शिल्लक राहतो. त्यावरही शेवटपर्यंत आपटत असेल तर तेलाची पातळी १० मिमीने वाढवा. वरची हवा कमी झाली की ती लवकर दाबली जाते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो. १० पेक्षा जास्त वाढवलीत तर हवेचा दाब सील बाहेर ढकलायला लागतो.

मागचा शॉक विसरू नका. टॉप बॉक्स भरून नेत असाल तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) एक-दोन खाचा वाढवा. मागचं बूड खाली बसलं की पुढे कितीही नीट केलंत तरी पुढचं चाक हलकंच राहतं.

---

गुहागर_४११

झालं काम. डावीकडून उजवीपेक्षा ६० मिली कमी तेल निघालं, दुधाळ. उजवीकडचं काळपट. डावा सील नवा, पाईपचे दोन खड्डे इपॉक्सीने भरले. ८ मिमी स्पेसर. सॅग ५८ आली. ब्रेकला आता बुडणं एवढं नाही की खटकावं.

घूंऽऽ आवाज मात्र तसाच आहे आणि थरथर अगदी थोडी उरलीय. काही राहिलं का?

---

पंक्चर_पट्टी

राहिला तो टायर. एकदा कप पडले की ते भरून येत नाहीत. उंच बटण आणि बसकं बटण यांचा फरक टायर फेकेपर्यंत वाजत राहणार. या टायरवर सस्पेन्शनची परीक्षा घेऊ नका.

नवा घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का बघा. २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला. ट्यूब आणि रिमची रबरी पट्टीही बदला, स्पोकची टोकं पट्टीतून वर आलेली असतात. बसवल्यावर चाक एक्सलवर मोकळं फिरवून तोल बघून घ्या. ब्रेक पॅड लांब सारा, नाहीतर ते चाक अडवतात आणि खोटी जागा दाखवतात. जो भाग खाली येऊन थांबतो तो जड, त्याच्या समोरच्या स्पोकला ५-५ ग्रॅमने वजन लावत जा, चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत. पहिले दीड-दोनशे किलोमीटर जोरात वाकवू नका, नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो.

---

टी_स्टेम

बसवल्यावर व्हॉल्व्हपासून सुरू करून टायरच्या भिंतीवर सहा जागी खडूऐवजी पेंट मार्करने खूण करा. प्रत्येक खुणेला डावा खांदा, मध्य, उजवा खांदा मोजून लिहा. ५०० किमीला आणि १,५०० किमीला पुन्हा. सहाही खुणांवर उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा कमी, पण सगळीकडे सारखाच कमी निघाला तर तो घाटाचा हिशेब आहे, गाडीला हात लावू नका. एका-दोन खुणांवरच आकडा खाली आला तर कपिंग परत सुरू झालं. तेव्हा १५१-१६५ वाली मोजणी आधी करा, बाकी सगळं नंतर.

---

नट_बोल्ट_दापोली

आणि कोन सेट आता ठीक असला तरी पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस बघा. प्रेशरचं पाणी टी वर थेट मारू देऊ नका. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदराकडे बोटीवाले वापरतात ते मरीन ग्रीस भरा, साध्यापेक्षा खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं.